निर्भीड म्हणून झालेला माझा सत्कार

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. एकदा सुरुवात केली होती — तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, ती उठून गेली आणि मी मनातल्या मनात कुकरचे आभार मानले. असा माणूस आहे मी. आता तुम्हाला सांगतोय तेही दार लावून. इतक्या वर्षांनी? हो, इतक्या वर्षांनी.

औरंगपुऱ्यातल्या एका दैनिकात मी दर रविवारी सदर लिहायचो. महापालिकेच्या सभेत कोणत्या नगरसेवकानं कशाच्या बाजूनं हात वर केला, आणि का केला असावा — एवढाच विषय. त्यात काय मोठं, असं वाटेल तुम्हाला. पण सभेच्या कागदावर नुसतं 'बहुमताने मंजूर' यायचं, नावं नसायची. बाकीचे पत्रकार चहा आला की खाली उतरायचे. मी गॅलरीत बसून राहायचो. सरांनी लिहिलंय म्हणजे तसंच झालं असणार, असं लोक म्हणायचे. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

त्या सभेत आमच्याच भागाचा विषय होता. पाण्याच्या टाकीसाठी राखून ठेवलेली जागा मंगल कार्यालयाला द्यायची. आमच्याकडे आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही, आणि टाकीच्या जागेवर लग्नं लावायची! आमचे नगरसेवक दोन. एक दादा — त्यांचं नाव आजही माझ्या तोंडातून निघत नाही, यातच काय ते समजा. टाकी बांधून देतो म्हणून ते निवडून आले होते, आणि मंगल कार्यालय त्यांच्या साडूचं होणार होतं. दुसऱ्या शबानाबाजी — बाजी म्हणजे ताई. पहिल्यांदाच निवडून आलेल्या, नवऱ्याचं शिलाईचं दुकान.

दादांचा हात वर गेला. शबानाबाजींचा गेला नाही. शेजारच्या बाईंनी कोपरानं ढोसलं, तरी त्यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. मग मान वर करून त्यांनी गॅलरीकडे, माझ्याकडे पाहिलं. बघताय ना, असं विचारल्यासारखं.

दोन दिवसांनी दादांच्या मंडळानं माझा सत्कार ठेवला. निर्भीड लेखणीचा सत्कार! जायचं नव्हतं, पण नाही म्हणायचीही छाती नव्हती. शाल पांघरताना दादांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि टाळ्या चालू असताना कानाशी म्हणाले, "सर, त्या दिशी मी सभेला न्हवतोच. व्हय ना?" मी मान हलवली. तेवढ्यात फोटो निघाला. फोटोत मी हसतोय.

घरी येताना मागून मोटारसायकल आली तर मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. आमचा दूधवाला होता तो. "सर, बरं नाय का?" म्हणाला. चक्कर आली, म्हणालो.

मग मी लिहायला बसलो. दादा सभागृहात नव्हते, असं लिहिलं. इथं थांबलो असतो तर भित्रा ठरलो असतो, एवढंच. पण आपल्या दोघांपैकी एकाचा हात वर गेला, एवढं गल्लीत आधीच पोचलं होतं. लोक विचारणार होते, मग कुणाचा? सरांना ठाऊक नाही, असं कसं होईल? माझी पत जाणार होती. म्हणून मी शबानाबाजींचं नाव लिहिलं. त्यांचं नाव वाचून आमच्या गल्लीत कुणी शंका घेणार नाही, चटकन खरं मानतील — हेही मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, मी ते धरूनच चाललो होतो.

सोमवारी बायकांनी त्यांच्या दारात रिकामे हंडे नेऊन आपटले. सभेत बसलेल्या बाकीच्यांनी तोंड उघडलं नाही, कारण त्यांचे स्वतःचेच हात वर होते. संध्याकाळी शबानाबाजी माझ्याकडे आल्या. चिडलेल्या नव्हत्या. "सर, तुमी तर वरच बसलेले होते ना? मी हात नाय उचलला. तुमी बघितलं ना?" एवढंच विचारलं.

मी म्हणालो, गोंधळ होता, नीट दिसलं नाही.

त्यांनी पदर नीट केला. मग म्हणाल्या, "होतंय सर. लई गर्दी होती." आणि चहा न घेता गेल्या.

पुन्हा त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. कार्यालय झालं, दादांच्या भाच्याच्या लग्नात मी तिथं जेवलोसुद्धा. दादा आता नाहीत. तरी भीती गेली नाही, फक्त दुसऱ्या दारात जाऊन बसली. भाजीबाजारात शबानाबाजी दिसल्या की मी पिशवीत काहीतरी शोधू लागतो. आज विचारतील, आज सगळ्यांसमोर विचारतील. त्या मात्र पदर सावरून "सलाम सर" म्हणतात. मागच्या महिन्यात बरोबर नात होती. तिला त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ये सर लई सच्चे. उस दिन उनको दिखा नै, बस."

मला दिसलं होतं. त्यांचे मांडीवरचे हात, त्यांची वर झालेली मान, सगळं स्वच्छ दिसलं होतं. मी दादांना भीत होतो आणि त्यांना भीत नव्हतो, म्हणून त्यांचं नाव लिहिलं.