पेपरात नसलेल्या ओळी

माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव टोपलीत भरून कन्हान नदीत सोडले. टोपली माझ्या डोक्यावर होती. तेव्हापासून आमच्याकडे देव नाही, भूत नाही, अंगात येणं नाही. शेजारणीच्या अंगात आलं तेव्हा मी तिच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलेलं आहे. तेव्हा "आजी, तुम्हाला भास झाला असेल" असं खाली लिहायचं असेल तर खुशाल लिहा... दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

आता सांगायचं कारण म्हणजे माझी नात. ती पोळ्या लाटताना मोबाईलवर पॉडकास्ट लावते. खुनाचे — ज्यांचा छडा लागला नाही असे. एक पोरगा आणि एक पोरगी हसत-बोलत सांगतात, मध्येच तेलाची जाहिरात येते, आणि खाली शेकडो लोक लिहितात की ड्रायव्हरच आहे, त्याच्या डोळ्यांतच दिसतं. नात म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी असं काही नव्हतं ना?"

होतं. आमच्या वेळी ते काम मी करायची.

ही गोष्ट नागपूरची, पाचपावलीची, सत्तर सालानंतरची. मी नुकतीच लग्न होऊन आले होते आणि एका बिडी कारखान्यात लागले होते. कारखाना म्हणजे टिनाचं छप्पर आणि दोन भिंती. दहा-बारा बाया मांडीवर सूप घेऊन बसायच्या, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. मला भिंतीकडची जागा मिळाली. ती आधी सिंधू नावाच्या बाईची होती. ती पंधरा दिवसांपूर्वी मेली होती. मेली म्हणजे कोणीतरी मारली. दिवेलागणीला रिक्षात बसून निघाली ती घरी पोचली नाही, रेल्वे फाटकाच्या पुढे नाल्यात सापडली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

बिड्यांचा ठेका घेणाऱ्याला आमच्याकडे सट्टेदार म्हणतात. आमचा सट्टेदार दुपारचा पेपर घ्यायचा आणि वाचून झाला की आमच्याकडे टाकायचा. बायांमध्ये चौथी शिकलेली मी एकटी. मी मोठ्यानं वाचायची आणि तेवढ्या वेळात बाकीच्या माझ्या वाटच्या बिड्या वळून द्यायच्या. मला हा सौदा पसंत होता.

त्या पेपरानं सिंधूचं प्रकरण लावून धरलं होतं. रोज काहीतरी नवीन. तिला रिक्षातून नेणारा हरी पोलिसांनी धरला, मारला, पुरावा नाही म्हणून सोडला. पेपरानं मात्र सोडला नाही. ह्या हरीची आई कमलाबाई आमच्यातच बसायची. कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून. तिच्यासमोर वाचू नये असं कोणाला वाटलं नाही. मलाही नाही. मला तर वाटायचं, ह्यानंच केलं.

एके दिवशी मी वाचलं — रिक्षावाल्याचा सदरा ओला होता असे समजते. शेवंता नावाची एक बाई माझ्या समोर बसायची. ती म्हणाली, "होय वं, मीबी पाह्यला. ओलाचिप्प सदरा." आठवडा गेला नाही तर त्या सदऱ्यावर रक्त आलं. मग हरी तिच्याकडे पाहून पळाला असंही झालं. सट्टेदारानं ही गोष्ट पोलीस ठाण्यात कळवली. शेवंताचं बयान घ्यायला दुसऱ्या दिवशी जमादार येणार होता. हे बयान झालं असतं तर हरी गेलाच होता. आणखी दोन बाया म्हणाल्या, आम्हीपण सांगतो. कमलाबाई एवढंच म्हणाली, "सांगा माय, सांगा. माह्या लेकाले फाशी द्या अन् मंग चहा प्या." तिचे हात थांबले नाहीत.

त्या दुपारी पेपर आला. मी वाचायला घेतला. चांगलं आठवतं मला, वाक्य होतं — "सदर रिक्षाचालकाने मयत महिलेस रेल्वे फाटकापर्यंत नेल्याचे कबूल केले असून पुढील तपास सुरू आहे." मी ते पूर्ण केलं आणि खालची सिमेंटची बातमी घेतली. सिमेंट मिळत नव्हतं तेव्हा.

वर पाहिलं तर सगळ्यांचे हात थांबलेले. बिडी वळणाऱ्या बायांचे हात थांबत नाहीत हो, भांडतानासुद्धा नाही. शेवंताच्या सुपातली तंबाखू जमिनीवर सांडली होती आणि तिला पत्ता नव्हता.

"काय झालं?" मी विचारलं.

"तू काय वाचून राहिली वं?" एक जण म्हणाली.

"लिहिलं आहे ते."

"असं लिहिलं आहे? पेपरात?"

मग त्यांनी सांगितलं. एकेकीनं, एकमेकींना दुरुस्त करत. "कबूल केले असून" इथे मी थांबले, आणि माझ्याच आवाजात, माझ्याच तोंडानं, डोळे पेपरावर ठेवून म्हणाले —

"मामी, हरीनं मले फाटकापाशी उतरवून देल्लं. फाटक बंद होतं. माही चप्पल तुटली तं त्यानं तार गुंडाळून देल्ली. म्हणे बस, उघडते आता. मीच नाही बसली. शेवंता, तू काहून सांगून राहिली वं? तू तं त्या दिवशी रामटेकले होती. मागून कोण आलं ते मलेबी नाही दिसलं."

आणि मग म्हणे "पुढील तपास सुरू आहे."

मी हसले. मला वाटलं, नव्या सुनेची मस्करी करतात. पण कमलाबाई वळून बसली होती आणि तिचा चेहरा... जाऊ द्या. कमलाबाईला "मामी" फक्त सिंधू म्हणायची, हे मला तेव्हा कळलं. बाकी सगळ्या कमलाबाई म्हणायच्या. मी तर तिच्याशी बोलतसुद्धा नव्हते.

मी ती बातमी पुन्हा वाचली. पुन्हा वाचली. काही नाही. सट्टेदाराकडे नेली. त्यानं चष्मा लावून वाचली आणि म्हणाला, "बाईचं डोकं तापलं. चाय पाजा हिले."

इकडे शेवंता बडबडत होती, "मी कधीची गेली रामटेकले? मी नाही गेली."

तेव्हा तिच्या शेजारची म्हणाली, "गेलती नं वं. बहिणीच्या लेकीचं बारसं होतं. तू दुसऱ्या दिवशी घुगऱ्या नाही आणल्या आम्हाले? घुगऱ्या खाता खाताच तं सिंधू सापडल्याचं समजलं."

सगळ्यांनी त्या घुगऱ्या खाल्ल्या होत्या. सगळ्यांना आठवलं. महिनाभर एकीलाही आठवलं नव्हतं... शेवंतालासुद्धा. ती पांढरी पडली. खोटं बोलणारीचा चेहरा मी ओळखते, हा तो नव्हता. ती म्हणाली, "पण मले दिसते वं बाई. डोये मिटले का दिसते. लाल झालेला सदरा. आत्ताबी दिसून राहिला."

कमलाबाई उठून गेली आणि हरीला घेऊन आली. काळा, वाळका पोरगा, एक हात नीट उचलता येत नव्हता. तो दारातच उभा राहिला आणि मला विचारलं, "वहिनी, तारीचं तुमाले कोणं सांगतलं?"

"कसली तार?"

"चपलीची. म्या मायलेबी नाही सांगतलं. तिच्या चपलीले हात लावला म्हटलं असतं तं ठाण्यात अजून मारलं असतं मले."

मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं त्या भिंतीपासून, सिंधूच्या जागेवरून, सरकून बसले.

दुसऱ्या दिवशी जमादार आला. शेवंता उभी राहिली, पदर सावरला. जमादार म्हणाला, "बोला बाई, काय पाहिलं?"

"काही नाही पाह्यलं साहेब."

"काल तर म्हणे रक्त पाहिलं!"

"मी ऐकलं साहेब. ही वाचे अन् मी ऐको. मी रामटेकले होती."

बाकीच्या दोघी मान खाली घालून बिड्या वळत राहिल्या. जमादार सट्टेदारावर डाफरला आणि निघून गेला. हरीला पुन्हा कोणी नेलं नाही. सिंधूला कोणी मारलं ते आजपर्यंत कळलं नाही.

माझा नवरा म्हणायचा, बायांच्या बोलण्यात रामटेकचं तू ऐकलं असशील, डोक्यात राहिलं असेल. बरं, ऐकलं असेल. मामी म्हणायची तेही ऐकलं असेल. मग तार कोणाकडून ऐकली? आणि पोराला वाचवायची इच्छा आईला असते, मला नव्हती. मी तर त्या बायांच्या बाजूची होते. मग माझंच तोंड का? नातीनं नेटवर शोधून मेंदूचं काहीतरी वाचून दाखवलं. मी ऐकून घेतलं. नाही पटलं. पटेल असं माझ्याकडेही काही नाही.

आठ-दहा दिवसांनी त्या पेपराचा माणूस आला. कुठून तरी त्याला कळलं होतं. कोणती जागा, आवाज कसा होता, डोळे फिरले होते का... मी म्हटलं, "डोळे राहू द्या. दोन गोष्टी लिहा. शेवंता रामटेकला होती आणि हरीनं बाईला फाटकापाशी उतरवलं. बस." त्यानं मान हलवली आणि लिहून घेतलं.

छापून आलं. मोठ्या अक्षरात — "मयत महिलेचा आवाज बिडी कारखान्यात!" बाया जवळ सरकून बसल्या. कमलाबाईनं आमच्याकडे तोंड केलं. मी वाचलं. सूप होतं, भिंत होती, माझे डोळे फिरल्याचंही होतं. शेवंता नव्हती, रामटेक नव्हतं. हरीचा उल्लेख एकदाच, "संशयित रिक्षावाला" असा.

कमलाबाई म्हणाली, "अजून वाच वं माय. पुढं असन."

मी पुन्हा वाचलं, वरपासून, मोठ्यानं, हळूहळू. प्रत्येक ओळ संपली की थांबले. खरं सांगते, त्या दिवशी मी वाट पाहत होते की सिंधू परत यावी आणि माझ्या तोंडून बोलावी.

वर पाहिलं तर बायांचे हात चालूच होते. जे छापलं होतं तेवढंच तोंडातून निघालं.