धोट्याचं माप

माणसानं जगाची काळजी किती करावी याला काही सुमार असतो. आमचे चामराजपेटचे घरमालक तो सुमार रोज सकाळी पहिल्या कॉफीच्या आधीच ओलांडत. जग म्हणजे त्यांच्या लेखी अमेरिका, आणि अमेरिका म्हणजे तिथे हौसेनं किंवा पोटासाठी हातमागावर विणणारी साठ-सत्तर माणसं. अण्णा (सगळी गल्ली त्यांना अण्णाच म्हणे) धोटे बनवत. मागाच्या उभ्या ताण्यातून आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे धावणारा, वीतभर लांब, होडीसारखा लाकडी तुकडा म्हणजे धोटा. अण्णांच्या आजोबांनी इथल्या रेशीम विणकरांसाठी तो करायला घेतला. यंत्रमाग आले आणि ते विणकर संपले. मग कधीतरी कुणी अमेरिकन बाई शहर बघायला आल्या, एक धोटा पर्समध्ये टाकून घेऊन गेल्या, आणि त्यांच्या मैत्रिणींच्या मैत्रिणींवर अण्णांचा कारखाना चालू राहिला. कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एक लेथ, आणि मुनियप्पा नावाचा अण्णांच्याच वयाचा कारागीर.

मी वरच्या मजल्यावर भाडेकरू. रोज मारतहळ्ळीच्या ऑफिसात जाऊन-येऊन अर्धमेला होणारा पुण्याचा माणूस. खोली बघायला गेलो तेव्हा अण्णांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही, "इंग्लिश चिठ्ठी लिहायला येते काय?" एवढंच विचारलं. येते म्हटल्यावर किल्ली हातात दिली. मला ते तेव्हापासून 'पुणेकर' म्हणतात. पिढ्यानपिढ्या कन्नड मुलखात मुरलेलं त्यांचं मराठी ऐकून मी पहिले आठ दिवस चकित होतो. "मी काल दहा धोटे केलो," असं ते खुशाल म्हणत, मध्येच 'स्वल्प' (थोडं) आणि 'सरी' (ठीक) पेरत; आणि माझ्या शुद्ध मराठीकडे घरात आलेल्या परदेशी पाहुण्याकडे बघावं तसं कौतुकानं बघत.

गिऱ्हाईक हा शब्द त्यांना माहीत नव्हता. व्हर्माँटची अक्का, ओरेगनची अक्का, टेक्सासचा दाढीवाला तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, अशी सगळी नातीच. स्वतः म्हैसूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते, पण व्हर्माँटला बर्फ पडल्याचं कळलं की इकडे कानटोपी चढे. नवीन ऑर्डर आली की आधी माझ्याकडून चिठ्ठी जाई : काय विणता? सूत की लोकर? हात लहान की मोठा? एका माणसानं "भिंतीवर शोभेला हवा" असं कळवलं. अण्णांनी त्याला पैसे परत पाठवले. "शोभेला मोर ठेव म्हणावं," ते म्हणाले. तयार झालेला प्रत्येक धोटा तोल बघायला ते पाण्याच्या बादलीत सोडत आणि त्याच्याकडे एकटक बघत बसत. जरा कुठे कलला तर बाहेर काढून, पुसून, केसभर तासत. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं. एका धोट्यापायी चाळीस मिनिटं ते बादलीसमोरून हलले नाहीत. काकू, म्हणजे अण्णांची बायको, दोनदा जेवायला हाक मारून गेल्या.

मग गेल्या वर्षी अमेरिकेनं लावलेल्या जादा आयातशुल्काचं प्रकरण आलं. टीव्हीवर ते मोठमोठ्या कारखान्यांचं वाटत होतं : कपडे, कोळंबी, हिरे. आमच्या तळमजल्यावर ते उतरलं एका चिठ्ठीच्या रूपानं. व्हर्माँटच्या अक्कांचा जुना धोटा चिरला होता. नातीच्या लग्नासाठी घोंगडी मागावर चढवलेली, अर्धी विणून झालेली, आणि त्यांना तसाच नवा धोटा हवा होता. आम्ही पाठवला. पूर्वी अशी छोटी पार्सलं बिनबोभाट घरी पोचत. आता ती सवलत गेली होती आणि शंभराच्या मालावर पन्नास शुल्क बसलं होतं. वर कुरियर कंपनीनं आपली हमाली लावली. दारात मागितलेली रक्कम धोट्याच्या किमतीच्या आसपास गेली. पेन्शनवर राहणाऱ्या त्या बाईंनी पार्सल परत केलं आणि अण्णांना लिहिलं, मला माफ करा.

मी चिठ्ठी वाचून दाखवली. अण्णांनी हातातला धोटा पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ती कशाला माफी मागते, पुणेकर? तिनं काय केलं?"

महिन्याभरात ऑर्डरी निम्म्याच्याही खाली आल्या. मी ऑफिसातली अक्कल चालवली. "अण्णा, पार्सलवर किंमत कमी दाखवू. नाहीतर भेटवस्तू लिहू." अण्णांनी माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं, की मला माझ्या पदवीची लाज वाटली. "मी खोटं लिहिलो," ते म्हणाले, "तर धोटा सरळ जाईल काय?"

दोन दिवस ते बादलीपाशी नुसतेच बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी देवघरातल्या फडताळातून पितळेची एक पट्टी काढली. धोट्याच्या पोटाचा बाक त्या पट्टीत होता. आजोबांनी घासून काढलेला, तीन पिढ्यांत घराबाहेर न गेलेला. त्यांनी आधी मुनियप्पाला बोलावलं आणि कन्नडमध्ये विचारलं : हे माप मी त्या सगळ्यांना फुकट देऊ काय? ते आपापल्या सुताराकडून धोटा करून घेतील. मग आपल्याकडे काम राहील न राहील. तुझी हरकत असेल तर पट्टी परत आत ठेवतो.

मुनियप्पानं हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. त्या लेथवर त्याची तीस वर्षं गेली होती. "माडी, अण्णा," तो म्हणाला. करा, अण्णा. आणि पुन्हा कामाला लागला. त्या दोन म्हाताऱ्यांकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं, की मी कुणाच्या घरात राहतो आहे.

अण्णांनी मोठ्या कागदावर धोटा जसाच्या तसा उतरवला : वरून, बाजूनं, पोटातून. शेजारी स्वतःच्या इंग्रजीत लिहिलं, की लाकूड कुठलंही चालेल, पण कठीण आणि सुकं पाहिजे. घाई करू नये. पाण्यात सोडून बघावं. मी तो कागद स्कॅन करून सगळ्यांना पाठवला. काकू दारात उभ्या होत्या. "घरातलं सगळं देऊन टाकलात," त्या म्हणाल्या, "आता मलाही पार्सल करा अमेरिकेला."

"तू परवडणार नाहीस त्यांना," अण्णा म्हणाले. "ड्यूटी फार पडेल." काकू हसल्या, पण पदरानं डोळे पुसत आत गेल्या.

महिन्याभरात फोटो येऊ लागले. ओकचे धोटे, अक्रोडाचे धोटे, एक तर जुन्या टेबलाच्या पायाचा. अण्णा माझ्या लॅपटॉपला नाक लावून प्रत्येकाची तपासणी करत आणि मी उत्तरं लिही : टोक बोथट आहे, पोट जाड झालंय, तम्माला सांगा लाकूड सुकायला अजून पंधरा दिवस थांबायला हवं होतं. फी विचारणाऱ्यांना अण्णा कळवत, की विणलेल्या कापडाचा फोटो पाठवा.

व्हर्माँटच्या अक्कांच्या शेजाऱ्यानं मेपलचे दोन जुळे धोटे केले. फोटोवर विश्वास नाही म्हणून अक्कांनी त्यातला एक थेट अण्णांकडे पाठवला. पोस्टमन दारात आला आणि त्यानं आपल्याकडची कस्टम ड्यूटी मागितली. मी संतापलो. अण्णांनी मात्र पैसे देऊन वर पोस्टमनला कॉफी पाजली. "आपलं सरकार तरी का मागे राहील?" म्हणाले. धोटा बादलीत सोडला. तो डावीकडे कलला. अण्णांनी तो दोनदा तासला, पुन्हा सोडला, आणि तो पाण्यावर सरळ, शांत उभा राहिला. तासलेल्या ढलप्या कागदावरच्या धोट्याच्या चित्रावर जिथल्या तिथे चिकटवून आम्ही त्यांचा फोटो धाडला : एवढंच काढा, दुसऱ्या धोट्याचं, याच जागी.

लग्नाच्या आठवडाभर आधी घोंगडी पुरी झाली. मग फोटो आला : नवरानवरी तीच पांघरून बसलेली, मागे बर्फ. अण्णांनी तो फोटो मोठा करायला लावला. चेहरे बघायला नव्हे, विणीतला दोरा मोजायला. मग हलकेच म्हणाले, "सरी. दोरा कुठे तुटला नाही."

आता त्यांना अमेरिकेहून ऑर्डरी फारशा येत नाहीत. आसपासच्या खेड्यांतले उरलेसुरले काही विणकर धोटे नेतात, तेवढ्यावर मुनियप्पा आठवड्यातून तीन दिवस येतो. खालच्या लेथच्या घरघरीनं माझी झोपमोड होते म्हणून मी किती कुरकुर केली होती! परवा शनिवारी उशिरापर्यंत झोपलो. जाग आली तेव्हा घर अगदी गप्प होतं. मी खाली गेलो. अण्णा उन्हात बाकावर बसले होते, लाकडाच्या भुशाचा वास नसलेला स्वच्छ सदरा घालून.

"झोप झाली काय, पुणेकर?" त्यांनी विचारलं.

हो म्हणालो, आणि त्यांच्याशेजारी बसलो.