मामांची बंगलोरची चौकशी

"कंपनीच न्हाई! थापा मारतोय पोरगा," मामांनी सायबर कॅफेत सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या तिसगावला मला बघून गेलेला मुलगा बंगलोरला सॉफ्टवेअर कंपनीत होता. पोहे खाऊन झाल्यावर बशी त्यानं स्वतः उचलून आत आणून ठेवली. माझं तिथंच ठरलं. पण माझ्या ठरण्याला कोण विचारतंय! स्थळाची चौकशी मामांकडे. एरवी ते मुलाच्या गावात पानटपरीवर अर्धा दिवस बसायचे आणि अख्ख्या खानदानाची माहिती काढून आणायचे. बंगलोरला कुठली पानटपरी गाठणार? म्हणून इंग्रजी वाचायला मला बरोबर घेऊन ते नगरला, स्टँडजवळच्या नव्या कॅफेत आले होते.

कंपनीचं नाव त्यांनी ऐकलं तसं एका बोटानं टाइप केलं. पडद्यावर आलं, काही सापडलं नाही.

"मामा, स्पेलिंग चुकलं असंल."

"माजं? म्याट्रिकला इंग्रजीत पास हाय मी!"

आता कसं, आपण काहीही खरडलं तरी "तुम्हाला असं म्हणायचंय का?" म्हणून यंत्रच अदबीनं विचारतं. तेव्हाचं मेलं अगदी खाष्ट. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की सरळ "नाही" म्हणून मोकळं. त्या एका "नाही"वर माझं लग्न मोडायला निघालं होतं.

मी मामांना खुर्चीवरून उठवलंच. सी काढून के घातला, एका एलचे दोन केले, शेवटचा ई उडवला. दर वेळी पान उघडायला एवढा वेळ लागायचा की जीव नुसता टांगणीला. मामा मागून "सोड गं, दुसरं स्थळ बगू" म्हणत होते आणि मी "गप बसा हो जरा!" म्हणून खेकसत होते. शेवटी जोडून लिहिलेलं नाव तोडून दोन शब्द केले, आणि उघडली की कंपनी! मी टाळीच वाजवली.

मामा काय हार मानतात? "कंपनी हाय, व्हय. पन पोरगा तितंच हाय कशावरून? इचार त्यांला."

कॅफेवाल्यानं मामांच्या नावानं ईमेल काढून दिला. मामा सांगत गेले, मी इंग्रजीत लिहीत गेले: अमुक मुलगा आपल्याकडे आहे का, वागायला कसा आहे, व्यसन वगैरे?

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. उत्तर आलं होतं. मी मामांना मराठीत वाचून दाखवू लागले.

"मुलगा इथंच आहे. चहा सोडून व्यसन नाही. पण कंपनीची टपालं मीच बघतो आणि हे उत्तरही मीच लिहितोय, तेव्हा मामांनी वाटल्यास आणखी कुणाला विचारावं."

मामा खुर्चीतल्या खुर्चीत गदगदून हसले. "लई बेरकी हाय! आवडला आपल्याला."

खाली अजून एक ओळ होती. ती मात्र मी मनातच वाचली. मुलीला मी पसंत आहे का, तेवढं तिलाच विचारून कळवा.

इतकी स्थळं आली आणि गेली, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. डोळे भरून आले, समोरची अक्षरं दिसेनात.

"आता काय लिवतीस?" मामांनी विचारलं.

"माझं मी लिहिते," म्हटलं, आणि लिहिलं.