दुधाचं परहेज

आमच्या घरी म्हैस होती, पण दूध कोणी पीत नव्हतं. टेंभुर्णीला आबांची, म्हणजे वडलांची, कोरडवाहू जमीन. पावसानं डोळे वटारले की घर म्हशीवरच चालायचं. दोन्ही वेळचं दूध हाटेलात जायचं. आम्ही भावंडं गुळाच्या काळ्या चहावर वाढलो.

मी औरंगाबादला कॉलेजात गेलो. खाणावळीत जेवायला लागल्यापासून पोट बिघडलं ते बिघडलंच. बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेत तासाभरात कळ आली. बाहेर जाऊन आलो, पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा सुपरवायझर म्हणाले, "आता गेलात तर पेपर ठेवून जा." ठेवून गेलो. नापास झालो. पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षा द्यायची ठरवून गावी आलो.

गावात संडास नव्हता. नदीकडं जायची वाट हाटेलावरून. दिवसातून चार-पाचदा तांब्या घेऊन मी तिथून जायचो, आणि बाकड्यावरचा कोणीतरी विचारायचा, "का हो बीए, आज कितवा पेपर?" हसायचे सगळे. मी बाजार सोडला, लग्नकार्य सोडलं. मोटारीत बसायची तर छातीच होईना. घर ते नदी, एवढंच माझं जग उरलं.

आबांनी जालन्याच्या एका हकीमसाहेबांना दाखवलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "दवा से ज्यादा परहेज काम करता, मियां. मिरची, चने की दाल, कच्ची प्याज, सब बंद. नरम खाना खाव. और जो खाये वो लिखते जाव." मी तर्कशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला लागलो; त्रास झाला त्या दिवशी पुढं खूण करायची.

नरम म्हणजे काय, ते मायनं ठरवलं. दूधभात. हाटेलात जाणाऱ्या दुधातलं तांब्याभर ती माझ्यासाठी काढून ठेवू लागली. मी जेवायचो आणि भावंडं ज्वारीची भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खात माझ्या ताटाकडं बघायची. धाकटी बहीण एकदा म्हणाली, "माय, मी बी आजारी पडू का?"

हे परहेज, म्हणजे पथ्य, जितकं कडक पाळलं तितकं पोट बिघडत गेलं. मायला वाटलं दूध कमी पडून राह्यलं. तिनं वाढवलं. मला वाटलं आपल्या मनातच खोट आहे, परीक्षेची भीती पोटात उतरली आहे. भीतीनं बिघडायचं, हे खरंही होतं. पण तेवढंच नव्हतं.

मंग म्हैस आटली. माय बिचारी ओशाळून मुगाचं पातळ वरण आणि भात वाढायला लागली. महिन्याभरानं मी वही उघडली. आटल्यानंतरच्या पानांवर त्रासाची खूण जवळजवळ नव्हतीच. मागची पानं पाहिली. एकही दिवस खुणेशिवाय नव्हता, आणि प्रत्येक दिवशी दूध होतं. मी कोणाला बोललो नाही. सांगणार काय? घरानं तोंडातलं काढून मला दिलं, तेच मला बाधलं होतं.

परीक्षेला दोन महिने राहिले आणि म्हैस व्याली. चीक संपला तशी मायनं पेला पुढं केला.

"माय, मला दूध नको. दुधानंच बिघडतंय."

"दुधानं? तान्ही लेकरं काय पिऊन वाढत्यात रे? शिकून हेच आलं का, म्हशीवर आळ घ्यायचा?"

आबा सुपारी कातरत होते. "चार-सा महिने गडी घटाघटा पिऊन राह्यला," ते म्हणाले, "तवा न्हाई कळलं."

दोन दिवस माय पेला समोर ठेवायची आणि तसाच उचलून न्यायची. तिसऱ्या सकाळी मी तो तिच्यासमोर पूर्ण प्यायलो आणि म्हणालो, "आता तूच बघ."

ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली. दुपारपर्यंत मी तीनदा तांब्या घेऊन तिच्यासमोरून गेलो. तिसऱ्यांदा परत आलो आणि तिच्याजवळच ओट्यावर टेकलो. तिनं सूप बाजूला ठेवलं, माझ्या हातातला तांब्या घेतला आणि घरात बघून आबांना म्हणाली, "उद्यापसून समदं दूध हाटेलात घाला. माझ्या हातानं लेकराला मारून राह्यले होते मी."

मला तिचं ते बोलणं सोसलं नाही. पण दूध नको म्हटलं होतं, ते मी मागं घेतलं नाही.

परीक्षेला जाताना तिनं तांदूळ आणि मुगाची डाळ बांधून दिली. औरंगाबादेत खोलीवर मीच शिजवून खाल्लं. चहासुद्धा काळाच. पहिल्या पेपरला पोटात एकदा मुरडा आला, आणि गेला. मी उठलो नाही.

दुखणं काही कायमचं गेलं नाही. अजून काय खायचं ते बघूनच खावं लागतं. पण त्या वर्षी मी प्रत्येक पेपर तीन तास बसून लिहिला आणि बी.ए. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं.