जावयाच्या नावाची पट्टी

ज्याला वजन नाही त्याच्यात जीव नाही, या एका तत्त्वावर अख्खं आयुष्य काढलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या सासरी निघावा हा माझ्या पत्रिकेतला योग. ते आमचे मामेसासरे, म्हणजे हिचे सख्खे मामा. खालापूरकडच्या एका कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. ट्रक काट्यावर चढला की नुसत्या कुरकुरण्यावरून आत सळई आहे की सिमेंट, आणि ड्रायव्हर सकाळी जेवून निघालाय की उपाशी, हे आपण खुर्चीवरून न उठता सांगत होतो, असं ते सांगतात. खरंखोटं ते ट्रक जाणोत. निवृत्त होऊन पोशीरला घरी आले, भातशेती बघू लागले, पण काटा काही डोक्यातून उतरला नाही. बाजारात लोक कलिंगडाला टिचकी मारून बघतात. मामा ते दोन्ही तळहातांवर घेतात, डोळे मिटतात आणि एखादा मंत्र पुटपुटल्यासारखे ओठ हलवतात. मग डोळे उघडून कलिंगडवाल्याला त्याच्याच कलिंगडाचं वजन सांगतात. त्याचा काटा वेगळं सांगू लागला तर काटा दुरुस्तीला न्यायचा सल्लाही देतात.

त्यांच्या फाटकाला जे कुलूप आहे ते बहुधा एखाद्या गोदामाचं असावं. ते लावलं की फाटक एका अंगाला इतकं कलतं की दुसऱ्या अंगाने माणूस आरामात आत शिरेल. हे मी एकदा त्यांना प्रत्यक्ष शिरून दाखवलं. मामा शांतपणे म्हणाले, "शिरू द्या की चोराला. पण जाताना कुलूप नेऊन दाखव म्हणावं." धाकट्या मुलीने हौसेने नवा मोबाइल आणला, तर तो हातात घेऊन म्हणाले, "खोकं दिलंस गं. आतला फोन कुठाय?" नेरळच्या डॉक्टरांच्या गोळ्यांवर त्यांचा विश्वास नाही, कारण गोळीला वजन नसतं, ते बाटलीतलं औषध मागतात आणि बाटलीही काचेची लागते. माझी निवडही याच कसोटीवर झाली. मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीचे नोकरी, पगार, गोत्र विचारत होते. मामा उठले, मला कडकडून मिठी मारली आणि बघता बघता जमिनीपासून चार बोटं वर उचललं. पुन्हा खाली ठेवून माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "हाडं बरी हायेत. बाकी पोकळ हाय, पण भरंल हळूहळू." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी भरलो असं त्यांनी अजून म्हटलेलं नाही.

अशा माणसाने निवृत्तीनंतर स्वतःसाठी एकच चैन केली, ती म्हणजे झाडं कापायचं पेट्रोलवरचं मशीन. आमच्याकडे त्याला कटर म्हणतात. पुढे एक लांब पोलादी पट्टी असते आणि तिच्या कडेकडेने दातेरी साखळी गरागरा फिरते. पट्ट्या निरनिराळ्या मिळतात. मामांनी त्यातली सगळ्यात लांब, सगळ्यात जड, आरपार भरीव अशी निवडली हे वेगळं सांगायला नको. वादळवाऱ्यात रस्त्यावर झाड आडवं झालं, कोणाच्या कौलांवर वठलेला आंबा झुकला, की पहिला फोन मामांना. मजुरी घेत नाहीत. अट एकच: पहिला ओंडका ते उचलणार, जमलेल्या मंडळींना त्याचं वजन सांगणार, आणि मंडळींनी "अरे बापरे" म्हणायचं. तिथे काटा कोणी आणत नसल्यामुळे मामा आजवर कधी चुकलेले नाहीत. मशीन घरी मामींच्या मऊ झालेल्या नऊवारीत गुंडाळलेलं असतं. दसऱ्याला झेंडूची पहिली माळ त्याला पडते, मग देवांना. मामी म्हणतात, "माझ्या माहेरची साडी ती. मला निगुतीनं नेसायला नाय मिळाली, त्याला मिळाली."

पण या गडगडाटी माणसाची एक रीत फार हळुवार आहे. झाड कापायचं असेल तर आदल्या संध्याकाळी ते एकटे जातात, खोडावर तळहात ठेवतात आणि झाडाला सांगून येतात. "उद्या येतो रं. वर कोण ऱ्हात असंल त्याला सांगून ठेव." वडिलांकडून आलेली पद्धत, ती कुऱ्हाडीची होती, मामांनी पेट्रोलवर चालू ठेवली. वर घरट्यात पिल्लं दिसली तर काम पुढे ढकललं जातं, मग मागणारा कोणी का असेना. मुंबईच्या एका बंगलेवाल्याला पोहण्याच्या तलावासाठी अंगणातला शिरीष तातडीने हटवायचा होता. मामा संध्याकाळी जाऊन आले आणि त्याला म्हणाले, "झाडानं सुट्टी मागितलीया. पिल्लं उडाली की सांगतो." तो बिचारा कुठल्या खात्याकडे अर्ज करायचा ते विचारत राहिला.

तर मागच्या पावसाळ्यानंतर या मामांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी फोटो काढला, तो उजेडासमोर धरला आणि जड उचलायचं नाही असं बजावलं. मामांनी तो फोटो हातात घेऊन बघितला आणि याला काय वजन हाय, म्हणून कपाटावर टाकून दिला. गोष्ट एवढ्यावर हसून सोडून देता आली असती, पण फाल्गुन जवळ येत होता. गावच्या होळीसाठी सावरीचं झाड तोडायचा मान मामांच्या घराचा आहे. पहिलं पातं त्या घराने लावायचं आणि झाड आडवं होईपर्यंत दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. ज्या वर्षी त्या घरातून कोणी उभं राहणार नाही, त्या वर्षी मान पलीकडच्या आळीत जाणार, आणि गेलेला मान परत येत नाही. मामांना दोन मुली, दोघी लग्न होऊन लांब. मी जावई, म्हणजे पाटावर बसवून जेवायला घालायचा माणूस. शिवाय मला नारळसुद्धा एका फटक्यात फुटत नाही. मामींनी एका दुपारी फोन केला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "जावईबापू, मशीन उचलू नका म्हटलं तर ऐकायचे नायत. आन् होळीला दुसऱ्यानं उचललेलं बघितलं तर अंथरूण धरतील. तुमीच कायतरी करा."

मला मशीनमधलं काही कळत नाही, पण वाचता येतं. वाचून एवढं समजलं की हल्ली तेवढ्याच लांबीच्या हलक्या पट्ट्या निघाल्या आहेत. साखळीला धार लावायच्या निमित्ताने मामांना मशीनसकट दहिवलीच्या दुकानात नेलं. दुकानदार त्यांच्या ओळखीचा आणि मी आधी फोन करून त्याला सगळं सांगून ठेवलेलं. त्याने सहज काढल्यासारखी नवी पट्टी काउंटरवर ठेवली.

"मामा, ही बघा. लांबी तेवढीच, साखळी तुमची हाय तीच बसंल. मधलं लोखंड तेवढं कमी केलंय."

मामांनी पट्टी तळहातांवर घेतली, डोळे मिटले. पुढच्याच क्षणी शेणात हात पडल्यासारखे डोळे उघडले. "पोकळ हाय ही."

"पोकळच, मामा. दोन पत्रे, मधी जागा."

"लोखंड खाल्लं आन् वर शिक्का मारला! आमच्या काट्यावर असला माल आला असता तर ट्रक उलटा धाडला असता."

"अवो मामा, झाड साखळी कापते, पट्टी नाय कापत. पट्टीचं वजन झाडाला कुठं लागतं? ते तुमच्या खांद्याला लागतं."

"खांद्याला काय झालंय माझ्या?" मामांनी हे दुकानदाराला विचारलं, पण बघितलं माझ्याकडे. मी छतावरच्या पंख्याची पाती मोजू लागलो.

दुकानदार मोठा धोरणी माणूस. तो म्हणाला, "कायच नाय झालं. मग तुमचं मशीन तेवढं असं हात लांब करून धरा. मी चहा सांगितलाय, तो येईपर्यंत."

एवढं कोणी म्हणायची खोटी, मामांनी बंद मशीन उचललं आणि हात लांब करून उभे राहिले. चेहऱ्यावर काट्याच्या खिडकीतला जुना रुबाब. पट्टीचं टोक रस्त्याकडे रोखलेलं, जणू दहिवलीतल्या सगळ्या रहदारीला त्यांनी थांबवलं होतं. थोडा वेळ बरा गेला. मग टोक जरासं खाली आलं, पुन्हा वर गेलं, आणि थरथरायला लागलं. नटबोल्ट घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक अचानक रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं. दुकानदार ड्रॉवरमध्ये नसलेलं काहीतरी शोधू लागला. मला त्या चहावाल्याचा असा राग आला म्हणून सांगू, जन्मात कोणाचा आला नसेल. आपणच जुळवून आणलेला उद्योग, आणि आता तो पाहवत नव्हता. मामांच्या कपाळावर घाम आला होता, ओठ घट्ट मिटले होते, आणि तरी हात खाली येत नव्हता.

"चहावाला मेला काय रं?" शेवटी मामा म्हणाले, आणि मशीन काउंटरवर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं.

चहा आला. मामांनी ग्लास डाव्या हातात धरला. अर्धा चहा झाल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मुलगी बघायला गेलो त्या दिवसानंतर इतक्या बारकाईने त्यांनी मला प्रथमच बघितलं असेल. मग दुकानदाराला म्हणाले, "ती हलकी पट्टी दे रं एक. आमच्या जावईबापूंसाठी. त्यांना शिकायचंय कधीपासून, पण जड झेपत नाय त्यांना."

मी शेलूला इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. झाड म्हणाल तर कुंडीत एक तुळस आहे. पण मी अशी काही जोरात होकाराची मान हलवली की दुकानदाराला हसू आवरायला पुन्हा ड्रॉवर उघडावा लागला.

"आन् आताच लावून दे मशीनला," मामा म्हणाले. "घरी जाऊन त्यांना जरा दाखवतो कसं धरायचं ते."

त्यानंतर माझी कीर्ती पसरली. पोशीरला गेलो की लोक माझ्या दंडांकडे आशेने बघू लागले. एका आजींनी त्यांच्या परसातला फणस मला दाखवून ठेवला, सवडीनं बघा म्हणाल्या. इकडे मामांनी नव्या पट्टीला काळं तेल चोळून चोळून तिची चकाकी पार घालवली. मामी फोनवर सांगायच्या, "रोज सांजच्याला अंगणात उचलून बघतात. आधी फाटकाकडं बघतात, कोण येत नाय ना. मग मला म्हंतात, जावईबापूंच्या पट्टीला सवय लावतोय."

होळीच्या आदल्या संध्याकाळी मी तिथेच होतो. मामा सावरीला सांगायला निघाले तसा मीही मागे मागे गेलो आणि बांधाच्या अलीकडे थांबलो. पानं झडून गेलेली, फुलांनी लालभडक झालेली सावर सरळसोट उभी होती. मामांनी काटे चुकवून खोडाला तळहात लावला. नेहमीचं बोलले. पण नंतर हात काढेनात. जरा वेळाने खालच्या आवाजात म्हणाले, "आन् उद्या जरा सांभाळून घे. पयल्यासारखं नाय ऱ्हायलं आता." माणसांना जे कधी सांगितलं नाही ते त्यांनी झाडाला सांगितलं. मी पाऊल न वाजवता मागे फिरलो आणि मामींना चहा टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सावर पडली, आणि मामांनी बोट दाखवलं होतं तिथेच पडली. मधे ते एकदाच थांबले. मशीन मांडीवर टेकवून त्यांनी श्वास घेतला, तेव्हा ढोलवाल्याने न सांगता एक लांबलचक चाल धरली, आणि सगळा गाव मामा जणू ती चाल ऐकायलाच थांबलेत असं दाखवत माना डोलावत राहिला. झाड आडवं झाल्यावर मानाचा नारळ हातात आला. गर्दीतलं कोणीतरी म्हणालंच, "मामा, यंदा मशीन हलकं दिसतंय जरा?"

"जावयाची पट्टी हाय ती," मामा म्हणाले. "माझी घरी ठेवलीय. त्यांचीपण वापरात ऱ्हायला पायजे ना."

"बराबर, बराबर," चारी बाजूंनी लोक म्हणाले. पोशीरमध्ये कोणाच्या घरात किती मीठ शिल्लक आहे हेसुद्धा लपत नाही, तर खांदा कुठला लपतोय? पण एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मला त्या दिवशी त्या गावाचा जावई असल्याचा फार अभिमान वाटला.

तेव्हापासून दर महिन्याला मामांचा फोन येतो. "तुमची पट्टी इथंच पडलीय, जावईबापू. कवा नेताय?" मी म्हणतो, राहू द्या मामा, इकडे जागा कुठे आहे. "बरं, मग वापरून ठेवतो. गंज नको चढायला." एवढं झालं की त्यांचं समाधान होतं आणि माझंही. मनात मात्र भीती असते. कधीतरी ते खरंच म्हणतील, घेऊन जा आता. त्या वेळी राहू द्या म्हणून भागायचं नाही, आणि ते ओझं मला खरंच झेपणार नाही.

परवा फोन आला. भाताच्या लोंबीचं बोलून झालं, मामींच्या गुडघ्याचं झालं, शेलूच्या पाण्याचं झालं, आणि मामा म्हणाले, "बरं, ठेवतो." पट्टीचं नावच नाही. मीच घाईघाईने विचारलं, "मामा, माझी पट्टी बरी आहे ना?"

"हाय की. बरी हाय," मामा म्हणाले. आवाज थकलेला होता, पण त्यात थोडी घाईही होती. "पण एवढ्यात मागू नका बरं का तुमी. होळी व्हायचीय अजून."

मी कशाला मागतोय.