हाड आधी, की मी आधी?

"आधी फोटो दाखव, मग पायाला हात लाव." हिराकाकी माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या नुकत्याच घरी आल्या होत्या आणि त्यांना व्यायाम शिकवायला मी एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या घरून स्कूटरने समुद्राकडच्या त्यांच्या वाडीत गेले होते. इतकी वर्षं घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते आहे. स्वतःचा एक्स-रे मागणारी पेशंट पहिल्यांदाच भेटत होती. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, हाडातला रॉड न्याहाळला आणि विचारलं, "थंडीत हा आत गार पडेल का?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

वय अठ्ठ्याहत्तर. सगळं आयुष्य केळीत आणि फुलझाडांत गेलेलं. हाड मोडलं त्या दिवशी केळीचा घड बघायला नुसत्या वळल्या आणि पडल्या. घरचे म्हणत, पाय घसरला. काकींना ते पटत नव्हतं. "जमीन कोरडी होती गो बाय. आत कट् झालं, मग मी खाली आले. हाड आधी मोडलं, की मी आधी पडले?"

मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, बहुतेक वेळा पडल्यामुळेच मोडतं, पण हाड फार ठिसूळ असलं तर क्वचित उलटंही होतं. हे कळल्यावर काकींचा पुढचा प्रश्न तयार होता. "ठिसूळ होत होतं तेव्हा दुखलं का नाही?"

"ते दुखत नाही, काकी. मोडेपर्यंत कळतच नाही."

मुलगा धास्तावला होता. "आई, पलंगावरच राहा. पुन्हा पडलीस तर?" काकींनी माझ्याकडे पाहिलं. "पडून राहिले तर हाड भरेल?"

"उलट आणखी झिजेल."

"मग धर मला." त्या दिवशी वॉकरवर चार पावलं झाली. ओठ घट्ट मिटलेले. तीन महिन्यांनी त्या काठी घेऊन केळीपर्यंत गेल्या.

व्यायामाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी एकदम विचारलं, "तुझं वय काय?"

"त्रेपन्न."

"पाळी जाऊन?"

"सहा वर्षं."

"मग तुझं हाड तपासलंस?"

पाळी गेली की हाडं ठिसूळ होऊ लागतात, तपासून घ्या, हेच मी दिवसभर बायकांना सांगत फिरते. स्वतःची तपासणी मात्र केली नव्हती. "का नाही?" काकींनी विचारलं. दुसऱ्याच दिवशी मी तपासणी करून घेतली.

आठवड्याने रिपोर्ट आला. हाडं ठिसूळ. नवऱ्याच्याही आधी मी वाडीत जाऊन काकींना सांगितलं, रडवेली होऊन. त्यांनी माझा हात हातात घेतला. "गोळी कशी घ्यायची?"

"आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही."

"का?"

"अन्ननलिकेत अडकली तर जाळते."

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि मग हळूच म्हणाल्या, "वेळेवर कळलं गो तुला."

गेल्या वर्षी न्यूमोनियाने काकी गेल्या. घरच्यांना भेटायला गेले तेव्हा सून सांगत होती, "शेवटच्या सकाळी आई ऑक्सिजनच्या बाटलीतले बुडबुडे बघत होत्या. नर्सला म्हणाल्या, हवा पाण्यातून का सोडता?"

"मग? सांगितलं तिने?"

"हो. कोरड्या हवेने नाक सुकतं, म्हणून. आई म्हणाल्या, 'असं होय!' आणि पुन्हा त्या बुडबुड्यांकडे बघत राहिल्या."