अर्ज चित्राच्या आड होता

नागापूरच्या कारखान्यात आठवडाभर लेथवर उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी त्या काळ्या पडद्यासमोर बसायचं. वैताग नुसता! कॉम्प्युटर सेकंडहॅन्ड, इंटरनेटचं खातं विद्यार्थ्यांच्या सवलतीतलं. त्यात नुसती अक्षरं यायची. चित्र नाही, रंग नाही. बाणाची बटणं दाबत एकेक ओळ खाली उतरायचं.

हे सगळं धाकट्या बहिणीपायी. कर्जतहून माझ्याकडे शिकायला आली, बीएस्सी ॲग्री पहिल्या वर्गात झाली आणि परदेशातल्या एका विद्यापीठात जायचंच म्हणून हटून बसली. पोस्टानं मागवलेला अर्ज काही आला नाही. कॉम्प्युटरवरूनही भरता येतो, असं तिच्या सरांनी सांगितलं. त्या रविवारी शेवटची तारीख होती.

आणि आमचा फोन म्हणजे गल्लीची चावडी. अर्ध्या गल्लीनं पाहुण्यारावळ्यांना आमचाच नंबर दिलेला. इंटरनेटही त्याच लाइनवरून यायचं. ते जरा जुळलं, की कुणीतरी स्वयंपाकघरातला रिसीव्हर उचलायचं आणि सगळं तुटायचं.

"अहो काकू, ठेवा की तो फोन!" मी ओरडलो.

"जावई पोचले का, एवढंच विचारते रे बाबा," शेजारच्या काकू म्हणाल्या.

पुन्हा डायल, पुन्हा मॉडेमची किरकिर. जीव मेटाकुटीला आला.

संध्याकाळी एकदाचं पान उघडलं. बहीण सर्टिफिकेटं मांडीवर घेऊन बसली. 'अर्ज भरण्यासाठी इथे दाबा,' असं इंग्रजीत लिहिलेलं, आणि त्याखाली कंसात एकच शब्द: चित्र. बाण त्याच्यावर थांबेचना. वरून आलो, खालून आलो, तो आपला ओळ ओलांडून पुढं. अर्जाची वाट त्या चित्रातूनच होती आणि आमच्याकडं चित्र येतच नव्हतं. पुण्यात चित्रं दिसणारे कॅफे होते म्हणे, पण एसटीनं पोचेपर्यंत ते बंद झाले असते. मी टेबलावर मूठ आपटली. लई चिडलो, पण कुणावर चिडायचं तेच कळेना.

बहीण पडद्याकडं बघत होती.

"दादा, बाकीच्यांना दिसत असंल का रं ते?"

"व्हय. दिसतं."

तिनं सर्टिफिकेटं सरळ केली.

"मग कर्जतला आईला सांग, आपल्याला अर्जच दिसला न्हाई. विद्यापीठानं मला न्हाई म्हणलेलं न्हाई."